करडं खच्ची केल्यावर पाचव्या दिवशी पिशवी काळी पडली, आता निगा कशी ठेवू?

माळरान (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या माळावर. चौदा उस्मानाबादी शेळ्या आहेत. या वेताला सहा बोकड झाले, त्यातले चार गेल्या शनिवारी खच्ची करून घेतले. करडं अडीच महिन्यांची, आठ ते दहा किलोची. चिमटा घेऊन गावोगाव फिरणारा एक माणूस आहे, त्याच्याकडून केलं. पहिल्या दोघांच्या दोन्ही शिरा त्यानं वेगवेगळ्या दाबल्या. तेवढ्यात पाऊस आला. मग घाईघाईत उरलेल्या दोघांची अंडांची पिशवी वरून आडवी धरली आणि एकाच दाबात दोन्हीकडचं उरकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौघांच्याही पिशव्या सुजल्या. सूज येते हे ऐकून होतो, म्हणून गप्प बसलो. आज पाचवा दिवस. तिघांची सूज उतरतेय. चौथा, ज्याला आम्ही भोऱ्या म्हणतो, त्याच्या पिशवीचं खालचं टोक काळंनिळं पडलंय. चिमट्याच्या रेषेवर कातडी उकलली आहे आणि तिथून पाणी येतंय. दूध पितो, पण निम्मंच. मागचे पाय फाकवून चालतो. आईनं हळद आणि चुलीतली राख दाबून लावली आहे. बाहेर पाऊस, गोठ्यात ओल आणि माश्या तर विचारू नका.

हे आपोआप सुकेल का डॉक्टर बोलवावा? आमच्या गावातला दवाखाना सध्या डॉक्टरविना आहे. ज्यांनी हे पाहिलंय त्यांनी कृपया लवकर सांगा.

करडूवाली

दादा, मी पशुसखी म्हणून काम करते, डॉक्टर नाही. पण आधी चार गोष्टी बघा आणि लगेच इथे लिहा. काळ्या भागाला हात लावला तर गार लागतो का गरम? वास येतो का? काळं आणि चांगलं यांच्यामध्ये रेघ दिसते का, का काळं वर मांडीकडे सरकतंय? आणि ताप किती? थर्मामीटर नसेल तर साधा माणसांचा डिजिटल चालतो, गुदद्वारात लावायचा. शेळीचं अंग साधारण १०२ ते १०३ फॅरनहाइट असतं, तेव्हा १०२ दिसलं तर घाबरू नका.

राख ताबडतोब धुऊन काढा. पाणी उकळून कोमट करा, चिमूटभर मीठ टाका, हातानं न चोळता नुसती धार सोडा. आईंना वाईट वाटू देऊ नका, आमच्या आजीही राखच लावायच्या. पण चुलीजवळची राख म्हणजे मातीच, आणि उघड्या जखमेत माती नको.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का?

माळरान

ताई, आत्ताच बघितलं. काळा भाग गार आहे. थोडा कुजका वास येतो. रेघ दिसते, काळं वर सरकत नाहीये. ताप १०४.२. इंजेक्शन कोणतंच दिलं नाही. चिमट्यानं रक्त येत नाही म्हणून गरज नसते, असं तो माणूस म्हणाला होता. आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेची) लस मात्र सगळ्यांना दिलेली आहे.

निवृत्त_पशुवैद्य

माळरान, आजच डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. गावात कुणी नसेल तर १९६२ वर फोन करा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो टोल फ्री क्रमांक आहे. नाहीतर करडू घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा. तिथे जाईपर्यंत काय घडलंय ते समजून घ्या, म्हणजे डॉक्टरांना नीट सांगता येईल.

बर्डिझो चिमट्याचं काम असं आहे की तो कातडी न फाडता आतली शीर चिरडतो. अंडाला रक्त पुरवणारी वाहिनी त्या शिरेतून जाते. ती चिरडली की अंडाचा पुरवठा तुटतो आणि चार ते सहा आठवड्यांत ते आक्रसून जातं. पण पिशवीच्या कातडीला रक्त वेगळ्या वाटेनं येतं, बाजूंनी आणि मधल्या शिवणीच्या आसपासून. ती वाट मोकळी राहिली पाहिजे. म्हणून डावी शीर वेगळी दाबायची, उजवी वेगळी, आणि दोन्ही दाब एका ओळीत न घेता एक जरा वर, एक जरा खाली घ्यायचे. मधली शिवण अजिबात चिमट्यात येऊ द्यायची नाही. तुमच्या भोऱ्याच्या पिशवीची संपूर्ण मान एका दाबात चिरडली गेली. कातडीचाही पुरवठा तुटला आणि खालचा भाग मेला. तो आता परत जिवंत होणार नाही. गार लागतोय, वास येतोय, रेघ पडली आहे, हे सगळं तेच सांगतंय.

यात दिलासा एवढाच की रेघ पडली आहे. म्हणजे शरीरानं मेलेला भाग वेगळा करायला घेतलाय. काळं वर पोटाकडे सरकत असतं तर मी याहून जास्त काळजीत असतो.

डॉक्टर बहुधा मेलेली कातडी काढतील, जखम धुतील, प्रतिजैविक आणि वेदनाशामक देतील. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम मागा. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. खेड्यात अजून ते सर्रास वापरलं जातं, याचं मला आजही दुःख होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आंत्रविषाराची लस धनुर्वातापासून वाचवत नाही. दोन्हींचे जंतू एकाच कुळातले, पण रोग वेगळे आणि लसी वेगळ्या. मेलेलं मांस, आत हवा नाही आणि वरून राखमाती, यापेक्षा धनुर्वाताच्या जंतूला सोयीची जागा नाही. डॉक्टरांना 'अँटीटॉक्सिन' द्या म्हणून सांगा. साध्या टीटीनं आज काम भागणार नाही. टीटी शरीराला प्रतिकार शिकवते, त्याला दोन आठवडे लागतात, आणि दुसरा डोस महिन्यानं द्यावा लागतो. अँटीटॉक्सिन तयार प्रतिकार देतं, लगेच, पण साधारण दोन आठवडेच टिकतं. दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या जागी देता येतात. मात्रा वजन बघून डॉक्टरच ठरवतील.

आणि ज्या दुसऱ्या करडाला असाच आडवा दाब दिला होता त्यालाही सोबत न्या. आज बरं दिसत असलं तरी न्या.

टेक्सासकर

मूळचा लातूरचा, सध्या अमेरिकेत. इथे हौस म्हणून पाच शेळ्या आहेत. वरच्या मुद्द्याला एक जोड देतो, कारण भारतातले बरेच नवे शेळीपालक इथले व्हिडिओ बघून लस ठरवतात. इथे 'सीडीटी' नावाची लस मिळते, तिच्यात आंत्रविषार आणि धनुर्वात दोन्ही एकत्र असतात. व्हिडिओतला माणूस म्हणतो 'लस झाली असेल तर खच्ची करा', ते या लसीला धरून. आपल्याकडे पुण्याच्या औंधच्या संस्थेतून येणारी ईटीव्ही फक्त आंत्रविषाराची. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझ्या चुलत्यांनाही हा फरक माहीत नव्हता.

बोरीबाभळी

धनुर्वात म्हणजे काय ते मी माझ्या गोठ्यात पाहिलंय, म्हणून लिहितो. मोठं आहे, पण वाचा.

तीन वर्षांपूर्वी पाच करडांना खच्ची करायला पिशवीच्या मुळाशी घट्ट रबर रिंग लावल्या. तीन आठवड्यांची करडं. रिंग लावल्यावर अर्धा तास लोळली, ओरडली, मग शांत झाली. दुसऱ्या दिवसापासून उड्या. मी खूश. रक्त नाही, टाका नाही, खर्च नाही. आठव्या दिवशी पिशव्या वाळून सुपारीसारख्या कडक झाल्या. मी बघणं सोडून दिलं.

बाराव्या दिवशी सकाळी एक करडू आचळाजवळ गेलं पण तोंड उघडेना. वाटलं तोंडात काही लागलं असेल. दुपारी बघतो तर कान ताठ उभे, शेपटी वर धरलेली आणि चालणं लाकडी घोड्यासारखं. दार जोरात लागलं तर सगळं अंग थरथरून आवळायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे येत होता. संध्याकाळी आडवं पडलं, चारही पाय ताठ, मान मागे. डॉक्टर आले, अँटीटॉक्सिन दिलं, अंधारात ठेवलं. तिसऱ्या पहाटे गेलं. आई दिवसभर त्या कोपऱ्याकडे तोंड करून ओरडत होती.

रिंगखालची वाळलेली कातडी मी उलटून पाहिली तेव्हा वरून कोरडं, खाली मात्र रिंगच्या खाचेत ओली, पू झालेली जखम. ती मला बाहेरून दिसलीच नव्हती. बाकी चौघांना त्याच दिवशी अँटीटॉक्सिन दिलं. चौघंही वाचली.

तेव्हापासून माझ्याकडे कॅलेंडर टांगलेलं असतं. खच्ची केल्याच्या दिवसापासून एकवीस दिवस रोज सकाळी प्रत्येक करडाच्या तोंडात बोट घालून बघतो, जबडा सैल आहे ना. त्याला एक मिनिट लागतं. लोक पहिले तीन दिवस जागतात आणि मग विसरतात. धनुर्वात मात्र बहुतेक वेळा दहाव्या-चौदाव्या दिवसाच्या आसपास येतो, जेव्हा सूजही उतरलेली असते आणि आपलं लक्षही उडालेलं असतं.

करडूवाली

दादा, वाचून अंगावर काटा आला. आमच्या गटातल्या बायकांना हे मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

एक आणखी. गाभण शेळीला विण्याच्या महिना-दीड महिना आधी टीटीचा डोस पूर्ण केला असेल तर चिकातून करडाला काही आठवडे संरक्षण मिळतं. पण करडानं पहिल्या काही तासांत पोटभर चीक प्यायलेला असला पाहिजे. आमच्याकडे अजून काही घरांत वार पडेपर्यंत करडाला पाजत नाहीत. ते थांबवायला मी घरोघर सांगत फिरते.

माळरान

सहावा दिवस. काल संध्याकाळी तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी जागा बधिर करून काळी कातडी कापून काढली. आतली एक गोळीही सडलेली होती, तीही काढली. दुसरी आक्रसलेली आहे, ती ठेवली. पोव्हिडोन आयोडीननं धुतलं. प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स, मेलॉक्सिकॅम तीन दिवस. अँटीटॉक्सिन चौघांनाही दिलं, टीटीही दिली. ताप आज १०३. सकाळी पोटभर दूध प्यायला.

दुसऱ्या करडाची, ज्याला तसाच आडवा दाब होता, कातडी बोटभर काळी निघाली. मला केसांमुळे दिसली नव्हती. त्याला नुसतं औषध दिलंय.

जखम उघडीच ठेवायची, टाके नाहीत, पट्टी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एवढी मोठी उघडी जखम बघून आई घाबरली आहे. हे बरोबर आहे ना?

निवृत्त_पशुवैद्य

अगदी बरोबर. अशी जखम बंद केली तर आत पू साठतो. ती खालून वर, आतून बाहेर भरत आली पाहिजे. ओली गुलाबी दाणेदार जागा दिसू लागली की समजा चांगलं चाललंय. आईंना सांगा, लाल दिसणं चांगलं, राखाडी आणि वास येणारं वाईट.

जागा बधिर केली हे वाचून बरं वाटलं. शेळीच्या करडाला लिग्नोकेन फार जपून द्यावं लागतं, थोडंसं जास्त झालं तरी झटके येतात. म्हणून हे घरी करायचं काम नव्हे. पण 'शेळीला देताच येत नाही' म्हणून बधिर न करता कापणंही योग्य नाही. बेतानं आणि पातळ करून देता येतं.

सह्याद्रीपलीकडे

मी सिंधुदुर्गात, कोकण कन्याळ शेळ्या. आमच्याकडे जून ते सप्टेंबर खच्चीकरण करतच नाही, कारण एकच, आसडी, म्हणजे जखमेत किडे पडणं. माळरान, तुमचा आत्ताचा शत्रू माशी आहे. कातडीचा रोग आता डॉक्टरांनी आवरला. पण अशी उघडी जखम पावसाळ्यात दोन दिवस दुर्लक्षित राहिली तर किडे पडलेच म्हणून समजा.

मी काय करतो ते लिहितो. जखमेवर थेट काही उग्र लावत नाही. जखमेच्या भोवती, मांडीच्या आतल्या बाजूला आणि शेपटीखाली कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल बोटानं लावतो, सकाळ-संध्याकाळ. त्याच्या वासानं माशी लांब राहते. जखमेवर हिमॅक्ससारखं मलम, किंवा माशी मारणारा जखमेचा स्प्रे. मागच्या पायांचे केस कात्रीनं कमी करतो, नाहीतर लघवी आणि लेंडी त्यात अडकून माशी तिथेच बसते.

करडांना जमिनीवर ठेवू नका. आमच्याकडे बांबूच्या फळ्यांचा मचाण असतो, लेंड्या खाली पडतात, वर कोरडं. तुमच्याकडे नसेल तर दोन जुन्या लाकडी पॅलेटवर वाळलेलं गवत टाका आणि रोज बदला. खाली चुन्याची भुकटी मारा, पण गवताच्या वर नको, चुना जखमेला लागला तर भाजतो.

आणि बघायचं कसं, तर फक्त वरून नको. करडाला मांडीवर उलटं धरा, टॉर्च लावा, जखमेच्या काठाखाली बघा. सुरुवातीला माशीची अंडी दिसतात, तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी पुंजक्यात, केसांना चिकटलेली. तेव्हाच काढली तर पुढचं सगळं टळतं. करडू शेपटी सारखी हलवू लागलं, मागे वळून तोंड लावू लागलं, एकटं कोपऱ्यात उभं राहिलं तर लगेच बघा.

नवा_शेळीपालक

धागा वाचून भीतीच वाटतेय. मी पुढच्या आठवड्यात सात बोकड करणार होतो, वय पंधरा दिवस. लहानपणी केलं तर त्रास कमी होतो असं वाचलं. मग लवकर करावं का उशिरा?

बोरीबाभळी

जखमेपुरतं बघितलं तर लहानपणी बरं. जागा छोटी, सूज कमी, भरून लवकर येतं. पण मुतखड्याचं काय? मी लवकर केलेले दोन खच्ची बोकड मोठेपणी लघवी तुंबून गमावले.

निवृत्त_पशुवैद्य

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून एका वाक्यात उत्तर नाही. नराची मूत्रनलिका रुंद होण्यात अंडातल्या संप्रेरकाचा वाटा असतो. फार लहानपणी खच्ची केलं तर ती अरुंद राहते. मग पुढे मका, गव्हाचा भुसा, ढेप असा स्फुरदानं (फॉस्फरसनं) भरलेला खुराक भरपूर दिला आणि पाणी कमी पडलं की खडे अडकतात. बोकड शेपटी हलवत कण्हतो, थेंब थेंब गळतो, लोकांना वाटतं शौच होत नाहीये आणि जुलाबाचं औषध पाजतात. त्यात दिवस जातो आणि मूत्राशय फुटतं.

सहा महिन्यांत विकायचा बोकड असेल आणि तो बहुतेक पाला-चाऱ्यावर असेल तर तीन-चार आठवड्यांनी केलेलं चालतं. वर्षभर पोसून खुराकावर वाढवायचा असेल तर दोन ते तीन महिन्यांपर्यंत थांबा. त्याहून थांबलात तर शेळ्यांमधून वेगळे बांधा, कारण तीन-साडेतीन महिन्यांचा बोकड बहिणीलाही गाभण करू शकतो. खुराकात चुनखडी घालून कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट ठेवा, मीठ द्या, हिवाळ्यात पाणी कोमट द्या म्हणजे पितात. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, खुराकाच्या अर्धा ते एक टक्का देतात, पण पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घेऊन.

पंधरा दिवसांच्या करडाला आत्ता पावसात करू नका. वाट बघा.

हौशी_गोठा

एक वेगळा विचार मांडतो. एवढं सगळं सोसण्यापेक्षा खच्ची करूच नये. बकरी ईदला बरेच जण पूर्ण बोकड मागतात, किंमतही चांगली येते. देवाला लागणारा बोकडही खच्ची चालत नाही. उगाच करडाचा जीव धोक्यात का घालायचा?

सह्याद्रीपलीकडे

तुमच्याकडे वेगळी जागा असेल तर जरूर करू नका. माझ्याकडे ईदसाठी दोन-तीनच ठेवतो. पण सगळे पूर्ण बोकड ठेवले तर ते दिवसभर शेळ्यांमागे धावतात, अंगावर मांस धरत नाही, एकमेकांना टकरा मारून शिंगं मोडतात. गावच्या गायरानात सगळ्यांचे कळप एकत्र चरतात, तिथे कुणाचा बोकड कुणाच्या लहान पाटीवर (न व्यालेल्या मादीवर) चढला की तिचं आयुष्य खराब. सात महिन्यांची पाट गाभण राहून विताना मेलेली मी पाहिली आहे. त्यामुळे दोन्हीकडे जीवच आहे.

माळरान

नववा दिवस. सह्याद्रीपलीकडेंचं म्हणणं खरं ठरलं. काल रात्री टॉर्च घेऊन उलटं धरलं तर भोऱ्याच्या जखमेच्या वरच्या काठाखाली आठ-दहा किडे हलताना दिसले. वरून जखम स्वच्छ दिसत होती. चिमट्यानं काढले, मिठाच्या पाण्यानं धुतलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फक्त दोन-तीन मिनिटं धरायला सांगितला, म्हणजे आत लपलेले बाहेर येतात. मग धुऊन मलम. सकाळी येऊन त्यांनी आयव्हरमेक्टिनही टोचलं. आईनं सीताफळाचा पाला वाटून लावायचा आग्रह धरला होता, आमच्याकडे बैलांच्या खांद्याला तोच लावायचे. डॉक्टर म्हणाले मोठ्या जनावराला बाहेरून लावता, पण एवढ्याशा करडाच्या ओल्या जखमेत नको, आणि करडू चाटेल.

गोठ्यातला एक कोपरा मुरूम टाकून उंच केला. वर लाकडी फळ्या ठेवल्या.

करडूवाली

दादा, किडे काढल्यावर मोजून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एक दिवस शून्य आले म्हणून थांबू नका, सलग तीन दिवस शून्य पाहिजेत. आणि टर्पेंटाइन उरलं म्हणून रोज वापरू नका, नवं मांस जळतं.

माळरान

पंधरावा दिवस. किडे सलग पाच दिवस शून्य. जखम आता रुपयाएवढी, गुलाबी. रोज सकाळी चौघांच्या तोंडात बोट घालतो. बोरीबाभळी, तुमचं ते वाचल्यापासून आमच्याकडे माझी आठ वर्षांची मुलगीही हे करते आणि भिंतीवर खडूनं रेघ मारते.

दुसऱ्या करडाची काळी कातडी खपली होऊन गळून पडली, खाली चांगलं आहे.

चिमटा घेऊन येणाऱ्या माणसाशी बोललो. भांडलो नाही. त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं, त्यानं त्याच्या मामाचं बघून उचललं. त्याचा चिमटाही मोठ्या वासरांचा आहे, करडाच्या पिशवीपेक्षा जबडाच रुंद. एकएक बाजू पकडायला गेलं तर दोन्ही येतात.

निवृत्त_पशुवैद्य

हे फार बरं केलंत. करडासाठी नऊ इंची चिमटा येतो, वासरासाठीचा त्याहून बराच मोठा असतो. त्याला सांगा, नऊ इंची घेणं हाच पहिला खर्च. आणि जुना चिमटा तपासायची रीत अशी: दोन कागदांमध्ये सुतळीचा तुकडा ठेवायचा आणि चिमटा दाबायचा. सुतळी चिरडली पाहिजे, कागद फाटता कामा नये. कागद फाटला तर कातडी फाटेल, सुतळी शाबूत राहिली तर शीर शाबूत राहील. चिमटा ठेवताना जबडा उघडा ठेवायचा. दाबताना शीर पिशवीच्या कडेला बोटानं सरकवायची, पुढच्या छोट्या सडांवर दाब येऊ द्यायचा नाही, पंधरा-वीस सेकंद धरायचं, मग त्याच शिरेवर एक सेंटिमीटर खाली दुसरा दाब.

त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. दोन दिवस डॉक्टरांसोबत उभा राहिला तरी शिकेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही खच्चीकरणाला सूट आहे ती ठरवून दिलेल्या पद्धतीनं केलं तरच.

माळरान

चव्वेचाळिसावा दिवस. उशीर झाला लिहायला, पेरणी-कोळपणीत होतो.

भोऱ्याची जखम सव्वीसाव्या दिवशी पूर्ण मिटली. जागेवर केस नाहीत, कातडी कागदासारखी पातळ आणि सुरकुतलेली आहे. उन्हात जास्त वेळ बांधत नाही. वजन बाकीच्यांपेक्षा दीड किलोनं मागे, पण उड्या मारतो.

आज डॉक्टरांनी चौघांनाही चाचपलं. तिघांकडे काही नाही, शेवग्याच्या शेंगेतल्या बीएवढी गाठ लागते, ती चालते म्हणाले. पण पहिल्या दोघांपैकी एकाची उजवी बाजू आवळ्याएवढी आणि मऊ आहे. म्हणजे तिकडची शीर चिमट्यातून निसटली होती. ज्याची काळजी केली नाही तोच राहिला. तो चार महिन्यांचा झालाय, आजच चिंचेखाली वेगळा बांधला. पण गेले दोन आठवडे तो दोन पाटींच्या मागे होता. त्यांचं काय करू?

निवृत्त_पशुवैद्य

पाटींचं वय आणि वजन डॉक्टरांना दाखवा. लागल्या असतील आणि फार लहान असतील तर लवकर गर्भ पाडता येतो. उशीर केला तर पर्याय कमी होतात, म्हणून या आठवड्यातच. त्या बोकडाचं दुसऱ्यांदा दसऱ्यानंतर, माश्या कमी झाल्या की, जागा बधिर करून. टीटीचा दुसरा डोस राहिलाय का चौघांचा?

माळरान

राहिलाय. उद्या सकाळी पाटींना घेऊन जातोय, तेव्हाच चौघांनाही नेतो. आणि शेळ्यांपैकी तीन गाभण आहेत, पौषात वितील. त्यांची टीटी कधीपासून सुरू करायची ते डॉक्टरांकडून लिहून आणतो आणि इथे टाकतो.